चिनी माणसाचं गरम पाणी आणि माझ्या बाबांचा अर्धांगवायू

मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तुटक झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर चार-पाच दिवसांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला, जो कित्येक वर्षं या ना त्या रूपात फिरतोय. थोडक्यात असा: चिनी लोक जेवताना थंड पाणी पीत नाहीत, गरम पाणी नाहीतर गरम चहा पितात, म्हणून त्यांना हार्ट अटॅक येत नाही, लकवा मारत नाही, कॅन्सर होत नाही. थंड पाण्याने जेवणातलं तेल पोटात थिजतं आणि आतड्याला चिकटतं. हे त्यांचं पाच हजार वर्षांचं शहाणपण आहे. त्यामुळेच तिथे म्हातारी माणसं अंथरुणाला खिळत नाहीत, रस्त्यावर अपंग दिसत नाहीत, आणि खिळलीच तर मुलं सांभाळतात. शेवटी, दहा जणांना पाठवा.

बाबांनी तो वाचला. डाव्या हाताने फोन माझ्यापुढे धरून एकेक शब्द जुळवत विचारलं, "मी... फ्रिजचं पाणी... म्हणून झालं?"

त्या प्रश्नासाठी हे लिहितेय. पाठवणाऱ्या मावसभावाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण अंथरुणावरच्या माणसाला 'हे तू स्वतःवर ओढवून घेतलंस' असं सांगणारा मजकूर निदान खरा तरी असावा. हा नाही.

पहिलाच दावा घ्या, चिनी लोकांना हृदयविकार आणि लकवा होत नाही. चीनमध्ये सर्वांत जास्त माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जातात, आणि त्यातही अर्धांगवायू पुढे आहे. २०१९ या एका वर्षात तिथे सुमारे ३९ लाख लोकांना नव्याने झटका आला, सुमारे २२ लाख लोक त्याने दगावले. झटका येऊन गेलेली आणि हयात असलेली माणसं त्या वर्षी जवळजवळ २ कोटी ८८ लाख होती. माझ्या बाबांसारखी. त्यातली बहुतेक जन्मभर गरम पाणीच पीत आलेली असणार, कारण तिथे दुसरं कोणी फारसं पीतच नाही.

मग त्यांना झटका येतो कशाने? आपल्याला येतो त्याच कारणांनी. रक्तदाब, तंबाखू, मीठ. २०१२ ते २०१५ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत तिथल्या प्रौढांपैकी २३ टक्क्यांहून जास्त लोकांना, म्हणजे सुमारे साडेचोवीस कोटी माणसांना, उच्च रक्तदाब आढळला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांचा दाब आटोक्यात होता ते जेमतेम १५ टक्के. तिथले निम्म्याच्या आसपास पुरुष सिगारेट ओढतात. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यासाठी भाज्या मिठात मुरवून ठेवायची जुनी पद्धत आहे, सोया सॉसमधून मीठ जातं ते वेगळंच, आणि अर्धांगवायूचं प्रमाणही दक्षिणेपेक्षा उत्तरेतच जास्त.

चीनकडून या बाबतीत शिकण्यासारखं खरोखर काही असेल तर ते याच उत्तरेतल्या खेड्यांमधलं आहे. संशोधकांनी एका अभ्यासासाठी पाच प्रांतांतली ६०० गावं निवडली. जवळजवळ २१ हजार माणसं. एक तर पूर्वी झटका येऊन गेलेली, नाहीतर साठी उलटलेली आणि रक्तदाब वाढलेली. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ चालू ठेवलं. उरलेल्या गावांना वेगळं मीठ दिलं, ज्यात पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. बाकी स्वयंपाक तोच, चूल तीच. जवळजवळ पाच वर्षं लक्ष ठेवलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. वेगळं मीठ खाणाऱ्या गावांत अर्धांगवायूचे झटके १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. एवढी मोठी गोष्ट, आणि आमच्या ग्रुपवर ती कधी आली नाही. (मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असलेल्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो.)

तेल थिजण्याची गोष्ट पटते, कारण हिवाळ्यात ताटातलं तूप थिजलेलं आपण रोज बघतो. पण पोट म्हणजे ताट नव्हे. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं आणि प्यायलेलं गार पाणी तिथे थोड्या वेळात कोमट होतं. तेल-तूप पुढे लहान आतड्यात जातं, तिथे पित्त त्याचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचे पाचकरस ते फोडतात आणि मग ते शोषलं जातं. आतड्याला लेप बसत नाही. रक्तवाहिनीत साठणारी चरबी हा तर सगळाच वेगळा मामला आहे, तिचा पाण्याच्या तापमानाशी संबंध नाही.

कॅन्सरच्या बाबतीत मेसेज नुसता चुकीचा नाही, उलटा आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे जगातले निम्म्याच्या आसपास रुग्ण एकट्या चीनमध्ये असतात. हनान प्रांतातला लिनशियान हा भाग तर या आजारासाठी वैद्यकशास्त्रात कित्येक दशकं ओळखला जातो. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांपेक्षा गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकली. चीनमधल्याच साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, २०१८ मध्ये, असं दिसलं की रोज जीभ पोळेल इतका कढत चहा आणि त्याच्या जोडीला रोजची दारू असेल तर या कॅन्सरचा धोका पाचपट होतो. दारू-सिगारेट नसेल तर नुसत्या कढत चहाने तिथे धोका वाढलेला दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण गरम पिऊन कॅन्सर टळतो असं कुठेच दिसलेलं नाही.

पाच हजार वर्षांबद्दल. गार खाण्यापिण्याने पोट बिघडतं ही समजूत चिनी वैद्यकात जुनी आहे, आणि बाळंतिणीला गार पाण्याला शिवू न देणं तिथेही आहे, जसं आपल्याकडे शेक-शेगडी आहे. मात्र घराघरात सगळ्यांनी उकळलेलंच पाणी प्यायचं ही सवय विसाव्या शतकात जाणीवपूर्वक लावलेली आहे. त्याआधी रोज पाणी उकळणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं, सरपण गरिबाला कधीच स्वस्त नव्हतं. १९३४ मध्ये तेव्हाचा चिनी राज्यकर्ता चँग कै-शेक याच्या नवजीवन चळवळीने उकळलेल्या पाण्याचा प्रचार केला, आणि १९५२ मध्ये कम्युनिस्ट सरकारच्या देशभक्तिपर आरोग्य मोहिमेने तो शाळा-कारखान्यांपर्यंत नेला. कारण होतं कॉलरा, हगवण, विषमज्वर. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून. थर्मास घराघरात आले, आजही तिथल्या रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. या सवयीने अगणित लेकरं वाचली असतील आणि तिचं मोल मोठं आहे. पण तिने पोटाचे आजार थोपवले, रक्तदाब नाही.

आता ते वाक्य, जे मला सर्वांत जास्त लागलं: तिथे अपंग दिसत नाहीत.

१९८७ मध्ये चीनने पहिल्यांदा मोजणी केली तेव्हा अपंगांची संख्या ५ कोटी १६ लाखांच्या घरात निघाली. २००६ च्या दुसऱ्या पाहणीत ती ८ कोटी २९ लाखांवर गेली, आणि त्यातले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे होते. अख्ख्या महाराष्ट्राच्या आजच्या लोकसंख्येच्या जवळपास दोन तृतीयांश माणसं. ती दिसत नसतील तर ती आहेत कुठे? पुष्कळशी वरच्या मजल्यावर. जुन्या वसाहतींतल्या पाच-सहा मजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि पाय गेलेला माणूस चौथ्या मजल्यावरून स्वतः खाली येऊ शकत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मार्चपासून बाबा तीनदा खाली उतरलेत, तिन्ही वेळा खुर्चीत बसवून दोघांनी उचलून. आमच्या रस्त्यावर फेरी मारणाऱ्याला माझे बाबाही 'दिसत नाहीत'.

तिथे अपंगासाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा शब्द होता त्सानफेइ. मोडलेला आणि टाकाऊ, असा त्याचा अर्थ. तो शब्द सरकारी कागदांतून जायला आणि अपंगांचा आवाज उठायला जी माणसं कारण झाली त्यांत डेंग पुफांग हे नाव मोठं आहे. पुढे चीनचे सर्वोच्च नेते झालेल्या डेंग झियाओपिंग यांचा हा मुलगा. १९६८ मध्ये, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या छळात, पेकिंग विद्यापीठातल्या इमारतीच्या खिडकीतून तो खाली कोसळला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. पुढे १९८८ मध्ये चीनचा अपंग महासंघ उभा राहिला तो त्याच्या पुढाकाराने. १९९० मध्ये अपंगांच्या संरक्षणाचा कायदा आला. ज्या देशात अपंग नसतातच, तिथे हे सगळं कशाला लागलं असतं?

मुलं सांभाळतात, हे पुष्कळ घरांत खरंच आहे. पण तिथे १ जुलै २०१३ पासून आईवडिलांना वरचेवर भेटायला जाणं कायद्यात लिहावं लागलं. पस्तीसेक वर्षं एकच मूल होऊ दिल्यावर एका जोडप्याच्या वाट्याला चार म्हातारी माणसं येतात, आणि ते जोडपं कामाला दूरच्या शहरात. म्हणून २०१६ मध्ये १५ शहरांत दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, २०२० मध्ये शहरांची संख्या ४९ वर नेली. स्वतःच्या हाताने जेवू न शकणाऱ्या, कूस बदलू न शकणाऱ्या माणसाची सेवा कोण करणार, आणि तिचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न तिथे सरकारच्या टेबलावर आहे.

या मेसेजने आमच्या घरात आणखी एक केलं. तो आल्यावर जो तो बाबांना कोमट पाणी पाजू लागला आणि दर घोटाला त्यांना ठसका लागायचा. झटक्यानंतर पुष्कळांना गिळायला त्रास होतो आणि पातळ पाणी, गरम असो वा गार, श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. स्पीच थेरपिस्टनी दाखवल्यावर कळलं, की बघायचा तो पाण्याचा घट्टपणा. आता त्यात पावडर घालून ते मधासारखं करतो, ताठ बसवतो, एकेक चमचा देतो. तुमच्या घरी असं कोणी असेल तर कृपा करून पहिल्यांदा गिळणं तपासून घ्या.

आणखी एक चिनी गोष्ट मला या दिवसांत सापडली. माणूस किती बरा जगतोय हे मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची एक छोटी प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची. झोप, वेदना, पैसे, नाती. तैवानमध्ये ती चिनी भाषेत आणताना तिथल्या अभ्यासकांना वाटलं की आपल्या माणसांचं जगणं यात पुरतं मावत नाही. त्यांनी दोन प्रश्न वाढवले. लोक तुम्हाला मान देतात का? आणि, तुम्हाला आवडतं ते खायला मिळतं का? त्याच तैवानमध्ये २०१९ पासून लागू असलेला कायदा सांगतो की आजाराबद्दल जाणून घ्यायचा आणि उपचारांबद्दल ठरवायचा हक्क आधी रुग्णाचा. तिथेही घरच्यांनी रुग्णाला अंधारात ठेवून परस्पर ठरवायची रीत होती, अगदी आपल्यासारखी.

आम्हीही बाबांच्या उशाशी उभं राहून, त्यांच्याबद्दल, त्यांना वगळूनच बोलत होतो.

त्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसले. आधी सांगितलं की फ्रिजच्या पाण्याने काही झालेलं नाही. रक्तदाबाने झालं, आणि गोळ्या आता वेळेवर घेतोय. मग ते दोन प्रश्न विचारले. पहिल्यावर ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. दुसऱ्याचं उत्तर लगेच आलं, आणि शब्द सलग आले.

"माठातलं पाणी. गार."

पावडर घालून, चमच्याने, दिलं.