साग तुळशीच्या कुलात कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

लॅमिएसी म्हणजे तुळस-पुदिन्याच्या कुलावरच्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. साग आणि निर्गुडी व्हर्बिनेसीतले, म्हणजे घाणेरीच्या कुलातले, असताना इथे का आणले. चौधारी खोड, समोरासमोर पानं आणि वास एवढ्यावर ओळख पटते, मग फुलं फोडायला का सांगता. आणि पानओवा हा ओव्याचाच भाऊबंद आहे. शिवाय ‘पुदिन्याच्या फुलाला दोन ओठ दिसत नाहीत’ हेही लिहिलंत. ते अगदी खरं आहे. पुदिन्याचा पुष्पमुकुट, म्हणजे पाकळ्यांचं कडं, वरच्या-खालच्या ओठांत न विभागता जवळपास सारख्या चार भागांचा असतो. ‘कुलातली सर्व फुलं दोन ओठांची’ हे लेखातलं वाक्य चूक होतं, ते दुरुस्त केलं आहे.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो. घाणेरी हातात घ्या. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, चुरडली की उग्र वास. तुमच्या तिन्ही खुणा जुळतात, पण घाणेरी व्हर्बिनेसीतली. उलट जुन्या तुळशीचं बुडखा-खोड लाकूड धरून गोल झालेलं असतं. म्हणून धारा शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यावर पाहाव्यात, आणि तेवढ्यावर निकाल देऊ नये.

खरी खूण फुलाच्या तळाशी आहे. पुष्पमुकुट नुकताच गळलेलं तुळशीचं फूल घ्या, हिरवा संवर्त, म्हणजे फुलाच्या तळाची वाटी, सुईने उभा चिरून उघडा आणि दहापट भिंगाखाली पाहा. किंजपुटाचे, म्हणजे जिथे बी धरतं त्या भागाचे, चार फुगीर भाग दिसतील आणि किंजल, म्हणजे त्यातून निघणारी बारीक दांडी, त्यांच्या माथ्यावरून नव्हे, मधल्या खोबणीतून वर आलेला असेल. कळी घेतलीत तर हे भाग नीट सुटलेले नसतात. फार उशीर केलात तर किंजल गळून गेलेला असतो. पुढे या चार भागांच्या चार कपालिका होतात, ज्यांना आपण बी म्हणतो. कधी दोनच भरतात, तेवढ्यावरून कुल बदलत नाही.

सागात मात्र किंजल किंजपुटाच्या शेंड्यावरूनच निघतो. जुन्या वर्गीकरणाने त्याला व्हर्बिनेसीत ठेवलं ते यामुळे, आणि तुमच्या पुस्तकातही म्हणूनच तसं आहे. पण शेंड्यावरचा किंजल ही मूळची, जुनी ठेवण. ती टिकून राहिली म्हणून दोन झाडं जवळची ठरत नाहीत.

फुलोरा पाहिला की नातं उलगडतं. तुळशीच्या मंजिरीत प्रत्येक पेरावर साधारण सहा फुलं असतात, समोरासमोर तीन-तीन, आणि त्या तिघांत मधलं आधी उमलतं. हा कुंठित फुलोरा. सागाच्या मोठ्या तुऱ्याची शेवटची फांदी पाहा: तिथेही मधलं फूल आधी, बाजूची मागाहून. घाणेरीत प्रत्येक छदाच्या, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानाच्या, बगलेत एकच फूल, आणि गुच्छ बाहेरून आत उमलत जातो. बीजकं, म्हणजे ज्यांचं पुढे बी होतं ते कण, किंजपुटाच्या आत कुठे चिकटतात यातला फरक वनस्पतिशास्त्रज्ञ यूनेल यांनी १९३४ सालीच दाखवला होता. १९९२ मध्ये कॅन्टिनो, हार्ली आणि वॅगस्टाफ यांनी साग, निर्गुडी, शिवण, भारंगी यांच्या प्रजाती लॅमिएसीत घेतल्या आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने ते पक्कं केलं. साग तुळशीला जवळचा आणि घाणेरीला लांबचा. त्याला घाणेरीबरोबर ठेवलं तर कुल या शब्दाला अर्थ उरत नाही.

आता पानओवा. तो कोलियस अँबॉयनिकस, लॅमिएसीतला. ओवा एपिएसीतला, म्हणजे कोथिंबीर-जिऱ्याच्या कुलातला. ओव्याच्या तेलात मुख्यतः थायमॉल हे वासाचं द्रव्य, तर पानओव्यात बहुधा कार्व्हाक्रॉल, काही वाणांत थायमॉल. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, फक्त अणूंची मांडणी थोडी वेगळी. त्यामुळे नाक फसतं. तेल साठतं ती जागा मात्र वेगळी. पानओव्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या ग्रंथिल केसांत असतं, म्हणून बोट फिरवलं तरी वास येतो. ओव्याच्या दाण्यात ते फळाच्या भिंतीतल्या नळ्यांत असतं, म्हणून दाणा चुरडावा लागतो. बाकी फरकाला भिंगही नको: पानओव्याची पानं जाड, लवदार, समोरासमोर, ओव्याची बारीक चिरलेली, एकाआड एक, आणि फुलं छत्रीसारख्या गुच्छात.