शिबुनोला हसायलाच हवं का?

जपानची गोल्फर हिनाको शिबुनो हिच्याबद्दल कुणीही लिहायला बसलं की पहिल्या ओळीतच 'स्मायलिंग सिंड्रेला' येतं. २०१९ पासून हे चाललंय आणि मला ते नाव आता खुपायला लागलंय.

गोल्फ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१९, इंग्लंडमधलं वोबर्न, महिलांची ब्रिटिश ओपन. ओकायामाची ही २० वर्षांची मुलगी आदल्याच वर्षी प्रो झालेली आणि जपानबाहेर पहिल्यांदाच स्पर्धा खेळत होती. शेवटच्या दिवशी तिसऱ्या होलवर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचल्यावर चेंडू आत घालायला तिला चार पट (हलके फटके) लागले. डबल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त. मेजरमध्ये, म्हणजे अशा सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, आघाडीवर असताना असं झालं की भलेभले मोडतात. ही मात्र बाराव्या होलवर पाणी समोर असताना ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारी स्टिक) काढून थेट ग्रीनवर मारते आणि बर्डी घेते, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी! अठराव्यावर लिझेट सालासशी बरोबरी होती. तिथला लांबचा पट ठोकून आत घातला आणि एका शॉटने जिंकली. १९७७ मध्ये चाको हिगुची जिंकली होती, त्यानंतर ४२ वर्षांनी जपानच्या वाट्याला आलेली ही मेजर.

आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? ती हसत होती, प्रेक्षकांना टाळ्या देत होती, मधेच खाऊ खात होती. अहो, तो ड्रायव्हर बघा ना! आई भालाफेक करायची, वडील गोळाफेक आणि थाळीफेक, स्वतः लहानपणी सॉफ्टबॉल खेळलेली. अंगात ताकद आहे आणि ऐन वेळी ती वापरायची छातीही आहे. सिंड्रेलाला परी मदत करते. हिला कुणी केली?

पुढे त्या हसण्याचं ओझंच झालं. २०२० मध्ये रॉयल ट्रूनला झालेल्या ब्रिटिश ओपनमध्ये कट हुकला, म्हणजे दोन फेऱ्यांनंतरच ती बाहेर पडली. त्याच डिसेंबरात ह्यूस्टनला अमेरिकन ओपनमध्ये तीन फेऱ्यांनंतर ती पहिली होती. पावसामुळे शेवटची फेरी सोमवारवर गेली, तिला ७४ फटके लागले आणि ती चौथी आली. मग तिने स्विंग, म्हणजे चेंडू मारण्याची ढबच, बदलायला घेतला. जिंकून देणारा स्विंग मोडून नवा बसवायला किती धाडस लागतं! तरी खेळ बिनसला की चर्चा तिच्या चेहऱ्याचीच.

जपानच्याच हिदेकी मात्सुयामा या गोल्फरला 'हसत का नाहीस' असं कुणी विचारतं का? २०२१ मध्ये मास्टर्स ही पुरुषांची मेजर जिंकणारा हा माणूस मैदानावर फारसा हसत नाही, मोजकंच बोलतो. २०१७ मध्ये लग्न झाल्याचं त्याने मुलगी झाल्यावर जाहीर केलं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाला. लोकांना त्याचं कौतुक वाटलं, आणि वाटायलाच हवं, मलाही तो फार आवडतो. पण त्याचं गप्प राहणं ही एकाग्रता आणि शिबुनो गप्प राहिली तर 'हिचं काहीतरी बिघडलंय', हे मला पटत नाही.

२०२२ मध्ये म्युरफील्डच्या ब्रिटिश ओपनमध्ये शिबुनो तिसरी आली, प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) एका शॉटने हुकला. २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये लँकेस्टरच्या त्या जीवघेण्या कोर्सवर चार दिवसांनंतर फक्त दोघी अंडर पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत, होत्या. युका सासो जिंकली आणि शिबुनो दुसरी. पाच वर्षं 'ती संपली' हे ऐकून घेत तिने हे केलं. तुमच्यापैकी कुणी ती स्पर्धा पाहिली असेल तर तिच्या खेळाबद्दल कमेंटमध्ये नक्की लिहा. मला त्यावर भरपूर बोलायचंय.