स्पॅम शून्यावर आणण्याचा खात्रीशीर मार्ग

मेल सर्व्हर सांभाळताय आणि स्पॅमने जीव नकोसा केलाय? मग ब्लॉकलिस्ट लावा, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची ऑनलाइन यादी. एखादी नको, सापडतील तेवढ्या लावा. २००५ च्या सुमाराचा एखादा लेख शोधा, त्यातल्या सगळ्या याद्या उचला आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये चिकटवून मोकळे व्हा. त्यातल्या किती अजून चालू आहेत, हे बघत बसायचं नाही. बंद पडलेल्या याद्याच जास्त गुणकारी असतात. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोकांचे सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने विचारलेल्या प्रत्येक आयपी पत्त्याला ‘हो, आहे यादीत’ असं ठोकून द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ती ओळ काढली नव्हती, त्यांच्याकडे त्या दिवशी एकही स्पॅम आला नाही. स्पॅमच काय, काहीच आलं नाही. स्पॅमकॉप या यादीने तर चालू असतानाच हा चमत्कार करून दाखवला: जानेवारी २०२१ च्या अखेरीस डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, नाव पार्किंगच्या, म्हणजे कुठल्याही नावाला उत्तर देणाऱ्या रिकाम्या पानावर गेलं आणि कोणताही आयपी विचारा, उत्तर हजर!

यामागचं तंत्र साधं आहे. समोरच्याचा आयपी उलटा लिहायचा, त्याला यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्ता वहीला, विचारायचं. १९२.०.२.१ असेल तर १.२.०.१९२.झेन.स्पॅमहाऊस.ऑर्ग (झेन ही स्पॅमहाऊस या संस्थेची यादी). असं नावच नाही म्हणाला, तर पाहुणा सज्जन. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं, तर नोंद आहे. शेवटच्या आकड्याला अर्थ असतो म्हणे: २ म्हणजे स्पॅमसाठी नोंदलेला, ४ म्हणजे कुणीतरी कब्जा केलेलं मशीन, १० आणि ११ म्हणजे घरगुती किंवा मोबाइल कनेक्शन. तुम्ही आकडे वाचू नका. उत्तर आलं की हाकला.

याच शिस्तीत रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला विचारून उत्तर आणणारा मदतनीस, म्हणून गूगलचा ८.८.८.८ ठेवा. अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्गे विचारलं, की स्पॅमहाऊस १२७.२५५.२५५.२५४ परत करते. म्हणजे ‘बाबा, इथून विचारू नकोस’. तुमचा सर्व्हर त्याचा अर्थ ‘चोर आहे, पकडा’ असा घेईल. ग्राहकाची ऑर्डर, सीएने पाठवलेले कागद, बँकेचं स्टेटमेंट, सगळ्यांना ५५४ चा, म्हणजे ‘मेल नाकारला’चा शिक्का मारून परत पाठवलं जाईल. स्वतःचा रिझॉल्व्हर चालवणं दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून ते करू नका.

आता खरी मजा. लॉगिन केलेल्यांना आत सोडणारी जी ओळ असते, ती ब्लॉकलिस्टच्या खाली सरकवा, आणि हेच नियम आपल्याच लोकांनी मेल पाठवायच्या ५८७ पोर्टलाही लावा. साहेब गाडीतून मोबाइल डेटावर कोटेशन पाठवायला जातील आणि त्यांच्याच पगारावर चाललेला सर्व्हर त्यांना दारातून परत पाठवेल. फोन आला, तर शांतपणे सांगा, ‘‘सर, तुमचा आयपी घरगुती वर्गात मोडतो.’’ सांगताना आवाज चढू देऊ नका, इन्क्रिमेंटचा महिना असू शकतो.

काही किडे असलेली माणसं पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीन या चाळणीत प्रत्येक यादीला वजन देतात, दोन-तीन याद्यांचं एकमत झालं तरच मेल नाकारतात. काही तर रोज प्रत्येक यादीला दोनच प्रश्न विचारतात: १२७.०.०.२ नोंदलेला असलाच पाहिजे, १२७.०.०.१ असताच कामा नये. आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या दस्तऐवजातच हे लिहून ठेवलंय. पहिलं चुकलं तर यादी मेली, दुसरं चुकलं तर यादी पिसाळली. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दोन ओळी पुरतात. पण मग रात्री-अपरात्री अलर्ट येणार, झोपेचं खोबरं होणार. कशाला?

राहता राहिला पोस्टमास्टरचा, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचा ईमेल पत्ता. विनाकारण अडवलेला माणूस तक्रार करायला तिथेच लिहितो, आणि हा पत्ता सगळ्यांसाठी उघडा असावा असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचं मानकही म्हणतं. त्यालाही ब्लॉकलिस्ट लावा. आणि वेबसाइटवरचा फोन नंबर काढून टाका, खाली लिहा: ‘काही अडचण आल्यास कृपया ईमेल करा.’