गेटला दुधाची पिशवी कोण अडकवत होतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

२०२० च्या मार्च-एप्रिलमधल्या, कोरोनाच्या लॉकडाउनमधल्या कोल्हापूरवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'कोल्हापूरकराला घरात बस म्हटलं की आधी बाहेर काय चाललंय ते बघून यायचं असतं' हे माझं वाक्य ताईंना झोंबलं. मी लॉकडाउन मोडणाऱ्यांचं कौतुक केलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरी दम्याच्या सासूबाई. दोन महिने ह्या घराने उंबरा ओलांडला नाही. दूधवाला गेटला पिशवी अडकवून जायचा, ती साबणाने धुऊन मगच आत यायची. तेव्हा बाहेर हुंदडणाऱ्या 'बेशिस्त आणि अडाणी' लोकांमुळेच पुढे सगळ्यांना भोगावं लागलं, परदेशात बघा लोक कसे नियम पाळत होते, असं त्या लिहितात. शेवटी विचारतात, उद्या पुन्हा अशी साथ आली तर तुम्ही लोकांना काय सांगणार?

ताई, दम्याचं माणूस घरात असताना दार लावून बसणं हा शहाणपणाच होता. त्याला मी नावं ठेवलेली नाहीत, ठेवणारही नाही. पण 'बेशिस्त आणि अडाणी' ह्या दोन शब्दांवर मी तुमच्याशी भांडणार आहे.

तुमच्या गेटला ती पिशवी अडकवणारा माणूस रोज कुठून येत होता? पिशवीतलं दूध वडणगे, आंबेवाडी, चिखली असल्या कुठल्यातरी गावातल्या गोठ्यातून निघालेलं. म्हैस दोन्ही वेळेला पिळावीच लागते, नाहीतर कास धरते. पिळलेलं दूध डेअरीत घालायला रांगेत उभं राहावं लागतं. वैरण शिवारातूनच आणावी लागते. त्यात हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, पेढे-बर्फीची दुकानं बंद झाली आणि दूध अंगावर आलं. शेवटी राज्य सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. म्हणजे ज्या दिवसांत आपण सगळे टीव्हीसमोर 'घरी राहा, सुरक्षित राहा' ऐकत होतो, त्याच दिवसांत हजारो माणसं सकाळ-संध्याकाळ घराबाहेर होती, आणि ती तशी होती म्हणून तुमचा-माझा चहा होत होता. गंगावेशीत दूध घ्यायला चार माणसं जमली की कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकायचं, खाली लिहायचं, 'ह्यांना फोडून काढा.' फोटो काढणारा कुठे उभा होता, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

ऊसतोडणीची माणसं तर ह्या हिशेबात कुठेच नव्हती. मार्च संपत आला की हंगामाची शेपटी असते. कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे गाळप थांबायला लागलं, पण बीडकडच्या टोळ्यांना गावी जायची परवानगी नाही. ती मिळाली एप्रिलच्या मध्यावर. तोवर ती माणसं पाचटाच्या कोप्यांत. कोपीला दार नसतं, ताई. लावून बसणार काय?

आणि आमच्यासारख्यांचं सांगतो. शिवाजी पेठेतला जुना वाडा, चार बिऱ्हाडं, अंगणात एक नळ, मागे दोन संडास. टीव्हीवर दोन मीटर अंतर सांगायचे तेव्हा आम्ही बादल्यांची रांग लावून माणसं जिन्यावर बसवायचो. उंबरा न ओलांडणं ज्याला जमलं त्याने ओलांडू नये, पण ते जमायला घरातच नळ आणि संडास असावा लागतो, आणि पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडावा लागतो. शिरोली एमआयडीसीतला रोजंदारीवरचा फाउंड्री कामगार आणि निवृत्त बँक अधिकारी ह्यांनी एकच आदेश ऐकला. त्यांच्या वागण्यात जो फरक पडला तो शाळेत किती शिकलात ह्याने पडलेला नाही.

सगळ्यांचीच वकिली करत नाही मी. आमच्या गल्लीत डॉक्टरची एक चिठ्ठी होती, बीपीच्या गोळ्यांची. ती दाखवून आख्खी गल्ली नाक्यावरून जाऊन आली. घड्यांवर फाटायला लागली तेव्हा एकाने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली. गोळ्या ज्यांच्या होत्या त्या आजींना त्या मिळाल्या की नाही, देव जाणे. टिबल सीट जाऊन बिंदू चौकात 'वातावरण बघून' येणारी ही पोरं. त्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही. पण गल्लीतली अशी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्याकडे बघून उरलेल्या शहराला अडाणी ठरवणं मला पटत नाही.

आता ते 'बघून यायचं' प्रकरण. हा शब्द मी कौतुकाने वापरला असं तुम्हाला वाटलं. मला सांगायचं होतं ते असं की हे शहर धोका डोळ्यांनी मोजायला शिकलेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. पाणी पात्राबाहेर पडलं की आपण पूर बघायला जातो. त्यात हौस असते, पण काम पण असतं: कुठल्या पायरीपर्यंत आलंय ते बघायचं, वाढतंय की उतरतंय ते ठरवायचं, मग सामान माळ्यावर चढवायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हा हिशेब चुकला. आंबेवाडी-चिखलीत लोक जनावरांपायी थांबून राहिले आणि नंतर बोटींतून काढावे लागले. त्याला सात महिने होतात न होतात तोच हा आजार आला. ह्याची पायरी कुणाला दिसणार? शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला माझा एक दोस्त, ज्याचं फ्रीजपासून गादीपर्यंत सगळं पुरात गेलं होतं, तो संचारबंदी लागल्यापासून दारातसुद्धा आला नाही. फोनवर म्हणाला, "एकदा म्हटलं हुतं बगू, आता न्हाई बगणार." त्याचाच मेव्हणा पेठेत उंचावर राहतो, त्याच्या घरात आजवर पाणी शिरलेलं नाही. तो रोज चक्कर मारून यायचा. शिकलेले दोघंही सारखेच, आयटीआय.

आणखी मागे गेलं तर गंमत वाटेल. आमची आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की गाव उठायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. त्या साथीत घरात बसणं म्हणजे मरण आणि बाहेर पडणं म्हणजे उपाय, कारण रोग घरातल्या उंदरा-पिसवांतून येत होता. पुण्यात १८९७ मध्ये सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले, लोकांचा संताप झाला, २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साली केलेला साथरोग कायदा १३ मार्च २०२० पासून आपल्या राज्यात लागू केला गेला. म्हणजे कायदा प्लेगाचा, सल्ला बरोबर उलटा. पिढ्यान् पिढ्या साथ म्हणजे गाव सोडणं हे ज्यांच्या कानावर पडलंय, त्यांना 'घरात कोंडून घ्या' हे एका रात्रीत कसं पटावं?

शिवाय सांगणारे तरी एक गोष्ट धरून होते का? २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. आपल्याकडे धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही, असं आधी सांगितलं गेलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी शिवलेला कापडी मास्क लावा, असं आलं. जागतिक संघटनेने तसा सल्ला दिला जूनमध्ये. आपण तोवर भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो आणि पेपरला इस्त्री फिरवत होतो. तुम्ही पिशवी साबणाने धुतलीत त्याला मी हसत नाही, आमच्याकडे तर चिल्लर डेटॉलमध्ये पडलेली असायची. जपानने मात्र मार्चमध्येच लोकांना सांगायला सुरुवात केली होती की कोंदट जागा, गर्दी आणि जवळून बोलणं टाळा. ते आपल्यापर्यंत पोचलं असतं तर बरं झालं असतं. कारण आमच्या भागात एका खोलीचं शटर अर्धं ओढून, आत पंखा लावून दुपारभर पत्त्यांचा डाव चालायचा, आठ-दहा जण मांडीला मांडी लावून. हीच मंडळी रंकाळ्यावर पहाटे एकट्याने चालणाऱ्या पेन्शनरला शिव्या घालायची. रंकाळ्यावरचा म्हातारा रस्त्यावरून जाता-येता दिसत होता. शटरच्या आतलं कोणाला दिसत नव्हतं, म्हणून ते 'घरात बसलेले' धरले गेले.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू आठवा. सकाळी ७ पासून महाद्वार रोडवर कुत्रं फिरत नव्हतं. पाच वाजले आणि आमच्या गल्लीत थाळ्या, पराती, पाठोपाठ हलगी. दिवसभर काटेकोर घरात बसलेली शंभरएक माणसं दहा मिनिटं खांद्याला खांदा लावून नाचली. ह्यांना तुम्ही शिस्तवाल्यांत घालणार की बेशिस्तांत?

परदेशाचं म्हणाल तर तिथेही हेच. स्पेनमध्ये लहान मुलांना सहा आठवडे दाराबाहेर पाऊल टाकता आलं नाही. कुत्र्याला फिरवून आणायची मात्र मुभा होती, आणि ह्यावरून तिथल्या आयांनी चांगलंच सुनावलं. ब्रिटनमध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडा, असं सरकारच सांगत होतं. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालूच ठेवल्या. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बाई टीव्हीवर 'घरी राहा' सांगत होत्या आणि स्वतः दोनदा सुट्टीच्या घरी जाऊन आल्या. ५ एप्रिल २०२० ला त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे त्याच आठवड्यात उद्योगपती वाधवान मंडळी, नोकरचाकर धरून २३ जण, गृह खात्यातल्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली होती. आमच्या गल्लीतल्या चिठ्ठीपेक्षा त्यांची चिठ्ठी भारी, एवढाच फरक. अडाणी ह्यातलं कोणीच नव्हतं.

राहिला 'त्यांच्यामुळेच भोगावं लागलं' हा आरोप. एप्रिल २०२० मध्ये कोल्हापुरात रुग्ण मोजके होते. आकडे चढले ते मे महिन्यात, मुंबई-पुण्यात अडकलेली माणसं घरी परतायला लागली तेव्हा. खरा मार बसला त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि त्याहून मोठा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत. पहिल्या पंधरवड्यात चहाच्या टपरीवर उभ्या राहिलेल्या माणसावर हे सगळं ढकलता येत नाही. परतलेल्यांवरही ढकलू नका. माझा आतेभाऊ घाटकोपरहून भुदरगडला गेला, कारण कंपनी बंद, खोलीचं भाडं थकलेलं. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. चौदा दिवस शाळेच्या वर्गात. आत्या कुंपणाबाहेर दगडावर डबा ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची, मग तो येऊन न्यायचा. फांद्या टाकणारी पोरं त्याच्याच वर्गातली. सकाळी तीच पोरं त्या फांद्या बाजूला सारून ट्रॅक्टर शेताला न्यायची, कारण भुईमूग काढणीला आलेला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. उद्या साथ आली तर आधी विचारीन की ती पसरते कशातून. पाण्यातून असेल तर आमच्या अंगणातला नळ बघा, उंदरांतून असेल तर आजीचं ऐका. श्वासातून असेल तर रंकाळा, गांधी मैदान, शाळांची पटांगणं उघडी ठेवा, आणि शटर ओढलेल्या खोल्या आधी बंद करा. भाजीला एकाच जागी सगळ्यांना गोळा करून फक्कीचे चौकोन आखण्यापेक्षा हातगाड्या गल्लोगल्ली फिरू द्या. चौकोनांत आम्ही गाडी येईपर्यंत उभे राहायचो, गाडी आली की चौकोन गेले. रोजंदारीवाल्याला आठवडा संपायच्या आत हातात पैसे द्या, मग त्याला बेशिस्त म्हणा. पिशवी अडकवणाऱ्याला मास्क सगळ्यांत आधी. तुमच्यासारख्या घरांनी दार लावून घ्यावं, आणि त्यांना घाबरट म्हणणाऱ्याशीही मी एवढंच भांडेन.

ते वाक्य मात्र मी काढत नाही. तुमची प्रतिक्रिया लेखाच्या लगेच खाली, बाकीच्यांच्या वर आणून ठेवली आहे, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही एकदम दिसतील. दूधवाला अजून तोच येत असेल तर त्याला त्या दोन महिन्यांबद्दल विचारा, आणि तो काय म्हणतो ते इथे लिहा.