पॉइंट त्र्याण्णव

‘सर, शंभरचंच टाकू का?’

या वाक्यातला तो ‘च’ मला परवापासून टोचतोय. ‘शंभरचं टाकू का’ एवढंच विचारलं असतं तर तो साधा व्यवहार होता. ‘च’ लागला की त्यात माझा पगार, माझी स्कूटर, माझं खानदान सगळं आलं. बरं, विचारणारा पोरगा माझाच विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी बारावी कॉमर्सला होता. अर्थशास्त्रात पस्तिसाच्या अलीकडं घुटमळत होता, मी तोंडीच्या मार्कांत जरा हात सैल सोडला म्हणून पार झाला. त्या उपकाराची फेड त्यानं परभणीत वसमत रोडच्या पेट्रोल पंपावर, सकाळी सव्वासहाला, मागं पाच गाड्या उभ्या असताना केली. आणि तीही आदरानं! शिवी दिली असती तर मॅनेजरकडं तक्रार तरी करता आली असती. आदराची तक्रार कुठं करायची?

‘हो, शंभरचं. जवळच जायचंय,’ मी म्हणालो.

माझं कॉलेज जिंतूर रोडला चोवीस किलोमीटरवर आहे. हे त्याला माहीत आहे. तोही तिथंच शिकला.

आकडे पळाले आणि थांबले. रक्कम १००.००, लिटर ०.९३. त्यानं नळी दोनदा झटकली, एक थेंब जास्तीचा पाडला, आणि माझ्यासकट सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘शंभरात आता लिटर बी बसंना बगा सर.’

मी २००९ साली नोकरीला लागलो तेव्हा शंभरात जवळपास दोन लिटर बसायचं. आता ‘नोकरी’ म्हणायचं ते सवयीनं. आमचं कॉलेज विनाअनुदानित. मग वीस टक्के अनुदानाचा टप्पा, मग चाळीस. पगार टप्प्याटप्प्यानं वाढतो आणि पेट्रोल रोज, हा माझ्या आयुष्यातला आलेख मी फळ्यावर कधी काढलेला नाही. पोरं हसतील म्हणून नाही, बायकोला कळेल म्हणून. तिला वाटतं मी दर वेळी टाकी फुल करतो.

‘शून्य पूर्णांक त्र्याण्णव,’ मागून आवाज आला. ‘काल बी तेवढंच होतं, गुरुजी.’

वळून पाहिलं. हवा भरायच्या यंत्राशेजारच्या पायरीवर एक काका बसले होते. कानटोपी, बंडी, पायात सँडल आणि सँडलमध्ये मोजे. मांडीवर लाल कापडी पाठीचं भलंमोठं रजिस्टर, असलं रजिस्टर मी जिल्हा परिषदेच्या बाहेर कुठं पाहिलेलं नाही. (नंतर कळलं, ते तिथूनच निवृत्त झालेत. लेखा विभाग. रजिस्टर कुठून आलं ते मी विचारलं नाही.)

‘काका, गाडी कुठंय तुमची?’

‘गाडी? लुना होती. विकली दोन हजार अठराला.’

‘मग पंपावर?’

‘गाडी नाही म्हणून माणसानं नोंद ठेवू नये काय?’

याला उत्तर नसतं. तेवढ्यात त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं आणि माझी स्कूटर जिथं होती तिथंच राहिली.

रकाने चार. तारीख, दर, फरक, शेरा. पहिली नोंद १६ जून २०१७. त्या दिवसापासून देशभर पेट्रोलचे दर रोज सकाळी सहाला बदलायला लागले. त्याआधी पंधरवड्याला बदलायचे, एक तारखेला आणि सोळा तारखेला. काकांचं म्हणणं असं, की पंधरवड्याचा हिशोब डोक्यात राहतो, रोजचा राहत नाही, आणि जो हिशोब डोक्यात राहत नाही तो कुणीतरी मुद्दाम तसा केलेला असतो. चाळीस वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसाचा संशय आहे, आपण काय बोलणार? तर त्या दिवसापासून ते रोज सहाला येतात, बोर्ड वाचतात, लिहितात. लॉकडाउनमध्ये पंपावर फोन करायचे. पंपाच्या मालकानं नंबर ब्लॉक केला तेव्हा जावयाच्या फोनवरून केला.

खरी मजा शेऱ्याच्या रकान्यात होती. मे २०१८ : ‘कर्नाटक’. तिकडं मतदान होईपर्यंत एकोणीस दिवस देशात दर हलला नाही. मतदान १२ तारखेला झालं आणि १४ पासून पुन्हा चढ. २० एप्रिल २०२० : ‘अमेरिका, फुकट’. त्या दिवशी अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदेबाजारातला भाव शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला होता. म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. त्याच्या पुढच्याच पानावर, मे २०२० : ‘केंद्र, अबकारी + १०’. ‘गुरुजी, तिकडं फुकट झालं आन् इकडं धा रुपये कर वाढला, हे कोणत्या पुस्तकात बसतंय?’

इथं माझ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत अचानक अर्थशास्त्र चमकलं. वर्गात दोन वर्षं जे चमकलं नाही ते. एका हातानं दुधवाल्याच्या गाडीत नळी धरून तो म्हणाला, ‘हां सर! तुमीच शिकवलं व्हतं ना, कच्चा माल सस्ता झाला की किंमत उतरती म्हणून?’

‘तो बोर्डाचा अभ्यासक्रम होता,’ मी म्हणालो.

दुधवाला हसला. मला तेही लागलं. त्यानं पाचशेचं टाकलं होतं.

‘हे बगा आता,’ म्हणून काकांनी पानं पुढं ढकलली. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, साडेचार महिने, प्रत्येक तारखेसमोर एकच शब्द : ‘वरीलप्रमाणे’. दिवसाला एक. ‘काका, नुसती खूण केली असती तरी चाललं असतं.’ त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. ‘खुणा ऑडिटला चालत नाहीत.’ शेरा : ‘उत्तर प्रदेश’. निकाल लागला, २२ मार्चला दर सुटला आणि सोळा दिवसांत दहा रुपये वर. तिथं शेरा होता ‘युक्रेन’, पण तो शब्द खोडलेला होता. ‘आधी मी बी युक्रेनच लिवलं होतं. मग हिशोब केला. लढाई फेब्रुवारीत लागली, दर वाढला मार्च सरता सरता. बातमी यायला चार आठवडे लागले काय?’

मागं हॉर्न वाजायला लागले होते. ऑटोवाला म्हणाला, ‘ओ सर, शाळा उद्या भरवा!’ मी स्कूटर चार पावलं पुढं घेतली. काकाही चार पावलं पुढं आले, रजिस्टर उघडंच.

मग आलं ते महाकाव्य. २०२२ च्या मेमध्ये केंद्रानं आठ रुपये कमी केले, जुलैमध्ये राज्यानं पाच. तिथून पुढं मार्च २०२४ पर्यंत, वीस महिने, ‘वरीलप्रमाणे’. पानंच्या पानं. एकसारखं वळणदार अक्षर, कुठं घाई नाही, कुठं शाई बदललेली. त्या वीस महिन्यांत कच्चं तेल शंभर डॉलरवरून घसरून पंच्याहत्तरच्याही खाली जाऊन आलं, रशियाचं स्वस्तातलं तेल आलं, आणि परभणीत हा माणूस रोज पहाटे उठून ‘वरीलप्रमाणे’ लिहीत होता. मग १५ मार्च २०२४ : दोन रुपये उतार. शेरा : ‘लोकसभा’.

एप्रिल २०२५ ला त्यांनी बोट ठेवलं. केंद्रानं अबकारी दोन रुपयांनी वाढवली. पंपावरचा दर? वरीलप्रमाणे. तेल स्वस्त झालं होतं, त्या स्वस्ताईतून दोन रुपये परस्पर कापून घेतले. ‘आपल्याला लागलं का? न्हाई. कळलं का? न्हाई. हेला म्हणतात हिशोब!’ त्यांच्या आवाजात राग असेल असं मला वाटलं होतं. कौतुक होतं. एका लेखाधिकाऱ्यानं दुसऱ्या लेखाधिकाऱ्याला केलेला नमस्कार.

मी शंभरचं टाकायचं सोडून एकशेदहाचं टाकत जावं असा सल्ला आमच्या स्टाफरूममध्ये सगळे देतात. म्हणे गोल आकड्याला मशीन ‘सेट’ केलेलं असतं. मी काकांना विचारलं. ते खवळले. ‘पाच लिटरचं माप मागायचं! पंपावर ठेवावंच लागतं, कुणीबी मागावं. मी मागितलं होतं.’

‘मग?’

काका जरा वेळ गप्प बसले. ‘बरोबर भरलं,’ ते म्हणाले. आठ वर्षांच्या रजिस्टरात एवढी निराशा दुसरी नसेल.

आता खरं सांगायचं तर इथपर्यंत मला मजा येत होती. मग त्यांनी मागच्या पानावर चिकटवलेलं जुनं कात्रण दाखवलं आणि माझं डोकं फिरलं. २०१५. त्या वर्षीचा दुष्काळ आठवतो, आमच्या गल्लीत टँकरपुढं घागरींच्या रांगा असायच्या, पोरं शाळा सोडून नंबर धरायची. त्या दुष्काळाच्या नावानं राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार लावला. दुष्काळ मराठवाड्याचा, मदत मराठवाड्याला, वाटलं ठीकच आहे. २०१६ ला पाऊस झाला. चांगला झाला, नदीनाले भरून गेले. अधिभार गेला नाही. उलट वाढत गेला. दुष्काळ संपतो, दुष्काळाचा कर संपत नाही! आणि तो भरतो कोण? ज्याच्या घरापुढं घागरी होत्या तोच, स्कूटरवर बसून, शंभरच्या नोटेनं. पुण्या-मुंबईचाही भरतो म्हणा, पण त्यांना मेट्रो आहे. आम्हाला जिंतूर रोडला सकाळी सातच्या आत पोचवेल अशी एसटी नाही. लोक विचारतात, सर, बसनं का येत नाही? बस आली तर येईन ना!

आणि हा कर तरी सरळ नावानं घ्यावा. केंद्राचा अबकारी कर २०२१ मध्ये लिटरला तेहतीस रुपयांच्या घरात होता, त्यातला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ कर रुपया-दीड रुपया. बाकी सगळा उपकर आणि विशेष अतिरिक्त अमुकतमुक, त्यात वाटणी नाही. राज्य म्हणतं केंद्रानं कमी करावा, केंद्र म्हणतं राज्यानं व्हॅट कमी करावा. जीएसटीत आणा म्हटलं की दोघंही एकदम भाऊ-भाऊ होतात आणि विषय बदलतात. दोन सासवांच्या भांडणात उपाशी कोण राहतं ते घराघरात माहीत आहे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं अभिमानानं म्हणतात. त्या म्हणीला पहिल्यांदा पुरावा मिळाला तो २०१८ च्या सप्टेंबरात, नव्वदीच्या उंबरठ्यावर देशभरच्या बातम्यांत परभणीचा पंप झळकला तेव्हा. २०२१ ला शंभरीच्या वेळी पुन्हा झळकला. कारण काय, तर आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या डेपोतून येतं, सुमारे तीनशे किलोमीटर, आणि टँकरचं भाडं आमच्याच लिटरात धरलेलं. त्यात आता पाचवा हिस्सा इथेनॉल. काकांचा संशय असा, की गंगाखेडकडच्या उसाचं इथेनॉल मिसळायला मनमाडला जातं आणि भाडं लावून परत आपल्याच टाकीत येतं. खरंखोटं त्यांनाच माहीत. माझ्या स्कूटरचं ॲव्हरेज मात्र पंचेचाळीसवर उतरलंय. मेकॅनिक म्हणतो प्लग बदला. त्याचा प्लगवर फार जीव.

साडेसहा वाजून गेले. पहिला तास सातचा. मी स्कूटर सुरू केली.

‘गुरुजी, जिंतूर रोडला चाललाव ना?’

‘हो.’

‘मग मला जरा असं उलटं, पुढच्या चौकापर्यंत सोडा.’

‘जरा असं उलटं’ याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. पण माझा विद्यार्थी पाहत होता. शंभरचंच टाकणारा माणूस निदान म्हाताऱ्याला नाही म्हणणारा तरी दिसू नये. काका मागं बसले, रजिस्टर माझ्या पाठीला टेकवलं आणि वाटभर सूचना दिल्या. चाळीसच्या वर नेऊ नका. क्लच, नाही तुमच्याला नसतो, बरं, ब्रेक कमी मारा. उतारावर बंद करा. परभणीत उतार कुठंय, मी विचारलं. ते म्हणाले, सवय असावी.

चौकात उतरले. वाकून मीटर पाहिला.

‘दीड किलोमीटर. पंचेचाळीसनं धरा… साडेतीन रुपये झाले तुमचे.’

आणि त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. माझ्या तोंडून लगेच निघालं, ‘अहो काका, राहू द्या, काय हे!’ हात बाहेर आला. हातात पेन होतं. तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरांत लिहिलं : ‘गुरुजी, लिफ्ट, ३.५०’.

मला परत त्याच रस्त्यानं दीड किलोमीटर मागं यायचं होतं. ते त्यांनी धरले नाहीत.