‘कन्सोल संपले’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले काही महिने पुण्यातल्या सोसायट्यांच्या, कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांचं, युद्ध संपलं, सोनी जिंकली. मायक्रोसॉफ्ट सेगाच्या वाटेने बाहेर पडते आहे. निन्टेंडो म्हणजे जुन्या आठवणींवर जगणारी पोरांची खेळणी. उरलंसुरलं मोबाईल आणि क्लाउडने (गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येतं) गिळलं, आणि भारताला तर या कंपन्या मोजतच नाहीत. म्हणून नवा कन्सोल घेऊ नका, घरात असेल तर भाव आहे तोवर विकून टाका.

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण तो वाचून माणसं पन्नास-पंचावन्न हजारांचा निर्णय घेतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणं मला गरजेचं वाटतं.

आधी ‘सोनी जिंकली, मायक्रोसॉफ्ट निघाली’ हे घेऊ. वरवर बघता यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या सोनीच्या पीएस५ची, म्हणजे प्लेस्टेशन ५ची, विक्री २०२५ च्या मध्यापर्यंत आठ कोटींवर गेली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज त्याच महिन्यात आला, पण त्याचे आकडे ती सांगत नाही. किती कन्सोल खपले हे जाहीर करणं तिने २०१५ मध्येच थांबवलं. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत एक्सबॉक्सच्या हार्डवेअरचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २९ टक्क्यांनी घसरलं. हे सगळं मान्य. पण सेगाशी बरोबरी करायची तर सेगाचं काय झालं ते नीट आठवायला हवं. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्ट हा आपला कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वर्षानुवर्षांच्या तोट्याने कंपनी खचली होती. ड्रीमकास्टची एकूण विक्री एक कोटीलाही पोचली नाही. खोका, म्हणजे कन्सोल, विकला गेला नाही तर तो तोटा पेलेल एवढा मोठा दुसरा धंदा सेगाकडे नव्हता.

मायक्रोसॉफ्टचं तसं नाही. गेम बनवणारी एपिक कंपनी आणि अॅपल यांच्यातल्या खटल्यात २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं होतं की एक्सबॉक्सचा खोका कंपनीने कधीच नफ्यात विकलेला नाही. पैसा येतो तो स्टोअरवर विकल्या जाणाऱ्या गेममागे घेतल्या जाणाऱ्या साधारण ३० टक्के कमिशनमधून, दर महिन्याच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या गेममधून. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून कॉल ऑफ ड्यूटी हा गेम बनवणारी अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतली. त्यामुळे आज पीएस५वर कॉल ऑफ ड्यूटी विकला गेला की कमिशन सोनीला जातं आणि उरलेला मोठा वाटा मायक्रोसॉफ्टला. फोर्झा होरायझन ५ हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा गेम एप्रिल २०२५ मध्ये पीएस५वर आला, तिचा हेलोसुद्धा तिकडे येणार असल्याची घोषणा त्याच वर्षी झाली. मजकूर लिहिणाऱ्याला ही शरणागती वाटते. मला यात दोन वेगळे धंदे दिसतात: सोनी अजून दुकान आणि दुकानाची जागा दोन्ही सांभाळते, मायक्रोसॉफ्ट आता कोणाच्याही दुकानात माल ठेवायला तयार आहे. आणि हार्डवेअरही तिने सोडलेलं नाही. पुढच्या पिढीच्या चिपसाठी एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीसोबतचा करार तिने जून २०२५ मध्ये जाहीर केला.

‘जिंकली’ हा शब्द या धंद्यात किती टिकतो तेही बघा. सोनीचा पीएस२ १६ कोटींवर खपला, आजवरचा सर्वाधिक खपाचा कन्सोल. त्याच सोनीने २००६ मध्ये पीएस३च्या वरच्या मॉडेलची किंमत अमेरिकेत ५९९ डॉलर ठेवली आणि ती पिढी निन्टेंडोच्या वी (Wii) या कन्सोलने मारली. वी दहा कोटींवर गेला. त्याच निन्टेंडोचा पुढचा वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबला, तेव्हाही तिच्या शेवटाची भाकितं झालीच होती. मग २०१७ मध्ये तिचा स्विच आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. एका पिढीचा विजेता पुढच्या पिढीत तोंडघशी पडतो, हे या बाजारात वारंवार झालं आहे.

मला खरी काळजी वेगळीच आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. २०१३ चं उदाहरण घ्या. एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अटी अशा होत्या की कन्सोलने ठरावीक काळाने इंटरनेटला जोडून घेतलंच पाहिजे, आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं असतील. पुण्यात या अटीचा अर्थ काय झाला असता? इथे निम्मं गेमिंग सेकंड हँड सीडीवर वाढलेलं आहे. डिस्कला आपण अजून सीडीच म्हणतो. एक गेम घ्यायचा, संपवायचा, दुकानात परत देऊन वर थोडे पैसे घालून दुसरा आणायचा. मित्राला महिनाभर वापरायला द्यायचा. चार-पाच हजारांचा गेम मध्यमवर्गीय घराला परवडतो तो याच व्यवहारामुळे. सोनीने त्या वेळी काय केलं? पीएस४ ३९९ डॉलरला, एक्सबॉक्सपेक्षा शंभर डॉलरने स्वस्त ठेवला, आणि गेम मित्राला कसा द्यावा याचा काही सेकंदांचा व्हिडिओ काढला: एका माणसाने दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली, संपलं. काही दिवसांतच, १९ जून २०१३ ला, मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. गिऱ्हाइकाचा तो हक्क कुठल्याही कायद्याने वाचवलेला नाही. शेजारी तेवढ्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी उभा होता म्हणून तो वाचला.

आता किमती बघा. पीएस२ २००० मध्ये २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ वर उतरला आणि २००९ मध्ये ९९ वर. कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, हा नियमच होता. या पिढीत तो उलटला. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. एक्सबॉक्सच्या किमती २०२५ मध्ये वाढल्या. गेम पास अल्टिमेट या मायक्रोसॉफ्टच्या गेम-योजनेची मासिक वर्गणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाली. कारणं खरीखुरी आहेत: चिप लहान करत नेली तरी पूर्वीसारखी स्वस्त होत नाही, अमेरिकेतलं आयात शुल्क वाढलं, रुपया घसरला. पण समोरचा स्वस्त देईल ही धास्ती असती, तर यातला काही भार कंपन्यांनी स्वतः उचलला असता, असं माझं ठाम मत आहे. एक्सबॉक्स खरोखर मेला तर सोनीच्या चाहत्यांनी पेढे वाटायचं कारण नाही. पुढच्या प्लेस्टेशनची किंमत तेच भरणार आहेत.

‘निन्टेंडो म्हणजे खेळणी’ या मुद्द्याचा मला सर्वाधिक राग येतो, कारण त्यात चाळीस वर्षांचा अनुभव फेकून दिलेला आहे. १९८९ मध्ये निन्टेंडोने हातात धरून खेळायचा गेम बॉय आणला. पडदा हिरवट, रंग नाहीत, दिवा नाही, पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त सहज चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर काढला. तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. ताकदवान कोण होता यावर वादच नाही, आणि बाजार कोणी जिंकला यावरही नाही. गेम बॉय करणाऱ्या गुनपेई योकोई यांचं तत्त्वच असं होतं की जुनं झालेलं, स्वस्त आणि पारखलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवाच उपयोग शोधावा. वीचा हातात धरून हलवायचा रिमोट त्याच विचारातून आला, टीव्हीवरून उचलून हातात घेऊन खेळायचा स्विचही. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपला. ही नुसत्या आठवणींवरची विक्री नव्हे. आणि निन्टेंडो खोका सहसा तोट्यात विकत नाही. वी यू त्याला अपवाद होता, पण तो मोठा मारही तिने सोसला.

मोबाईलचा मुद्दा अर्धा खरा आहे. जगभरच्या गेमिंगच्या उलाढालीचा जवळपास निम्मा वाटा मोबाईलचा आहे. पण तो मुख्यतः नव्या माणसांचा आहे, ज्यांनी कन्सोल कधी घेतलाच नसता. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेमिंग विभागाची विक्री सुमारे ४.६७ लाख कोटी येन होती. बुडत्या धंद्याचा हा आकडा नाही. ज्या जीटीए ६ची, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो ६ या गेमची, सगळं जग वाट बघतं आहे, त्याची घोषणा पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी झाली, फोनसाठी नाही.

क्लाउडबद्दल तर अनुभव ताजा आहे. गुगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया ही क्लाउडवर गेम खेळायची सेवा आणली, जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. भारतात ती आलीच नाही. अडचण तंत्रातच आहे. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. तुम्ही दाबलेलं बटण डेटा सेंटरपर्यंत जाऊन, चित्र होऊन, परत येईपर्यंत त्यातली कित्येक चित्रं निघून जातात. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर या क्लाउड सेवेचं मध्य भारत केंद्र पुण्यातच आहे, म्हणजे अंतराच्या हिशेबात पुणेकर नशीबवान. पण संध्याकाळी घरातली चार माणसं एकाच वायफायवर असतात तेव्हा ते अंतर कामाला येत नाही. बुद्धिबळ किंवा शेतीचा गेम क्लाउडवर छान चालेल. फायटिंग गेममध्ये ज्याने हरून बघितलं आहे त्याला विचारा.

राहिला भारत. कंपन्यांनी आपल्याला मागे ठेवलं, हे खरंच आहे. २०१७ चा स्विच इथे अधिकृतपणे आला नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कॅम्पात मिळतो तो इम्पोर्टेड पीस, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. पीएस५ प्रो हे जास्त ताकदीचं मॉडेल नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आलं तेव्हा भारत वगळला गेला, कारण त्यातल्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झ पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. म्हणजे तिथे आडवा आला तो सरकारी नियम, कंपनीची नावड नव्हे. आणि ‘मोजतच नाहीत’ असं पुण्यात बसून म्हणणं तर फारच चुकीचं. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून या शहरात आहे. इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची, लोकांकडून पैसे जमवायची मोहीम अपुरी पडली, तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेम सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आला, जो कन्सोल या देशात अधिकृतपणे विकलाही जात नव्हता, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराचं नामांकन त्याने मिळवलं. २०२३ मध्ये सोनीने भारतीय स्टुडिओंसाठी इंडिया हीरो प्रोजेक्ट सुरू केला. सोनीचा हात मोठा असेल, पण ही वाट आधी पुण्यातल्या एका लहान टीमने चालून दाखवली होती.

शेवटचा सल्ला, ‘आहे तो विकून टाका’. २०१३ चा पीएस४ घ्या. २०२४ मध्ये, पीएस५ येऊन साडेतीन वर्षं झाल्यावरही, प्लेस्टेशनवर दर महिन्याला खेळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे पीएस४वरच होते. चालू असलेला पीएस४ घाईघाईने फुंकून टाकायचं काही कारण नाही. नवा घ्यायचा असेल तर डिस्कवाला पीएस५ बघा. डिस्क न घेणारा डिजिटल स्वस्त पडतो, पण त्यावर घेतलेला गेम ना दुकानात परत जातो, ना मित्राकडे. स्विच २ घेणार असाल तर गेमच्या डब्यावर की कार्डची खूण आहे का ते आधी वाचा. असेल तर कार्ट्रिजमध्ये गेम नाही, फक्त किल्ली आहे. सगळा गेम डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्ड आत लागतंच.