'नीट हुकली म्हणून फार्मसी' हे वाक्य आता बंद करा

आज नाशिकला पंचवटीत नातेवाईकांकडे सत्यनारायण होता. आरती झाली, प्रसाद झाला, माणसं गप्पांना बसली आणि नेहमीप्रमाणे बारावी झालेल्या पोरांना घेरायला सुरुवात झाली. माझ्या भाचीला विचारलं, काय ठरलं मग? ती म्हणाली, "फार्मसीच, फार्म.डी. नाहीतर बी.फार्म., सीईटी चांगली गेलीय." तर एक काका सगळ्यांसमोर म्हणतात, "अगं एवढी हुशार तू आणि मेडिकलचं दुकान टाकणार? एक वर्ष ड्रॉप घे, डॉक्टरकीची नीट परत दे, होऊन जाईल." आणि आजूबाजूचे चारजण माना डोलवायला लागले. पोरीने हातातला शिऱ्याचा द्रोण तसाच खाली ठेवला आणि आत निघून गेली. वयाचा मान म्हणून तिथे काही बोलले नाही, पण घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मुळात तिला नीट जमली नाही म्हणून ती तिकडे चाललेली नाही. नीट तिने दिली ती घरच्यांच्या समाधानासाठी. अकरावीपासून या मुलीचं एकच चालू आहे, गोळी पोटात गेल्यावर नक्की काय होतं, तीच गोळी एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला का नाही. आमच्या घरात कुणी औषध आणलं की आतला घडी घातलेला कागद ती आधी काढून वाचते. अशा मुलीला तुम्ही ड्रॉप घ्यायला सांगता?

आमच्या अण्णांचं सांगते. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिन रोज चालू असते. मध्यंतरी दाढ सुजली, दाताच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिली, अण्णांनी आधीच्या गोळ्यांचं सांगितलं नाही आणि तिकडे कुणी विचारलं नाही. इंदिरानगर बोगद्याजवळच्या मेडिकलवर आम्ही चिठ्ठी दिली. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. स्ट्रिप काढून हातात घेतली आणि थांबली. "आजोबा, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" अण्णांनी खिशातून ती चुरगळलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिने एकेक पाकीट पालथं करून नाव वाचलं, वॉरफॅरिन बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही आणि ही एकत्र घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं लागेल, रक्त जास्त पातळ होऊन ब्लीडिंग होऊ शकतं. शेवटचा आयएनआर कधी केलाय?" (आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी.) मागे पाच-सहा गिऱ्हाईकं खोळंबली होती, एकजण तर "अहो ताई, आटपा" म्हणत होता. तिने शांतपणे त्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी औषध बदललं, आणि बिलाच्या मागे पेनाने लिहून दिलं की अमुक दिवशी आयएनआर करून घ्या.

आता सांगा, ती मुलगी दुकान चालवत होती का?

आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणजे डबे उतरवून देणारा माणूस असं वाटतं, याला कारणही आपणच आहोत. १९४८ चा फार्मसी कायदा आहे, त्यात स्पष्ट आहे की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. आणि प्रत्यक्षात किती दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये, त्याचा मालक महिन्याला भाडं घेऊन भलतीकडेच, आणि काउंटरवर दहावी झालेला पोरगा! तुम्हाला सगळ्यांना माहितीये हे. तिथे अण्णा गेले असते तर दोन्ही गोळ्या पिशवीत घालून सुट्टे पैसे परत देऊन मोकळे झाले असते. हे चालवून घ्यायचं आणि वर फार्मसीला कमी लेखायचं, ही कुठली पद्धत?

आणि तो ड्रॉप. ड्रॉप घे, ड्रॉप घे, बोलायला काय जातं. २०२४ ला २३ लाखांच्या वर मुलं नीटला बसली, तेव्हा एमबीबीएसच्या जागा सरकारी-खाजगी सगळ्या धरून लाखाच्या थोड्याच वर. गणित करा ना. गंगापूर रोडने, कॉलेज रोडने जाताना क्लासेसच्या होर्डिंगवर हसणारे चेहरे दिसतात, बाकीच्यांचे फोटो कोण लावतं? सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना लातूरला नाहीतर कोट्याला खोलीत कोंडायचं, दुसऱ्यांदा नाही झालं की तिसऱ्यांदा, मित्र पुढे निघून जातात आणि हे अजून अकरावीचं फिजिक्स घोकतायत. ज्याला खरंच डॉक्टरच व्हायचंय, पेशंटजवळ उभं राहायचंय, त्याने जरूर परत द्यावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते त्याच्या मनाने, काकांच्या मानेने नाही.

शेजारच्या मुलाचं तर फारच वाईट वाटतं. "नीटवर फोकस" म्हणून अकरावीतच गणित सोडायला लावलं. आता त्याला मशीनमध्ये इंटरेस्ट, कृत्रिम पाय, ईसीजीची यंत्रं असलं काहीतरी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं म्हणतो, आणि त्यासाठी लागणारी पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) सीईटी गणिताशिवाय देता येत नाही. गणित आणि बायो दोन्ही घेता येतं हो अकरावीला, सीईटीचे गणिताचा आणि बायोचा असे दोन्ही ग्रुपही देता येतात. ज्या पोराचं अजून ठरलेलं नाही त्याचा एक रस्ता पंधराव्या-सोळाव्या वर्षी कशाला बंद करायचा? पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षा बघा, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही विषय सारखेच असतात, पदवी आणि पदव्युत्तर एकत्र असा पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. नवीन औषध शोधणारे, जनुकांचा डेटा कॉम्प्युटरवर वाचणारे लोक असल्याच मिश्र शिक्षणातून येतात. कोविडमध्ये आपण सगळे घरात घाबरून बसलो होतो तेव्हा मार्च २०२० ला पहिली देशी टेस्ट किट पुण्याच्या मायलॅब कंपनीने आणली, त्या टीमच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले, विषाणूतज्ज्ञ. लॅबमध्ये बसून किती लोकांच्या उपयोगी पडल्या त्या!

हो, पगार सुरुवातीला कमी असतो फार्मसीत, मान्य आहे. आणि गल्लोगल्ली कॉलेजं झालीयेत, काहींच्या लॅबमध्ये धूळ असते, तेही मान्य.

म्हणून तर डोळे उघडे ठेवून निवडा म्हणते. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला, १९९८ पासून आहे, आणि तरी अर्ध्या पालकांना माहीत नसतं की इथलं बी.फार्म. पुणे विद्यापीठाकडे येतं, डी.फार्म. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाकडे (एमएसबीटीई) आणि फिजिओ, नर्सिंग आरोग्य विद्यापीठाकडे. डी.फार्म. दोन वर्षांचं, बी.फार्म. चार, फार्म.डी. सहा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. फार्म.डी.ला कॉलेजला किमान ३०० बेडचं हॉस्पिटल जोडलेलं लागतं, तर कॉलेजची बिल्डिंग आणि कॅन्टीन बघत बसण्यापेक्षा त्या हॉस्पिटलमध्ये जा, तिथे फार्म.डी.ची मुलं खरंच वॉर्डात राउंडला असतात का ते विचारा. फार्मसी कौन्सिलची मान्यता यंदाची आहे का बघा, जुनं पत्र दाखवलं तर चालवून घेऊ नका.

माझ्या भावाला मी दोष देत नाही. आज तोही गप्प होता. एकुलती एक मुलगी, स्वतः कंपनीत शिफ्ट करून त्याने तिला शिकवलं, चारचौघात "मुलगी डॉक्टर आहे" म्हणायची त्याची इच्छा मला कळते. रात्री त्याला फोन केला आणि अण्णांच्या दाढेची गोष्ट परत सांगितली, त्याला अर्धीच माहीत होती. ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या मेडिकलवाल्या मुलीने काय शिक्षण केलंय गं?" बी.फार्म. म्हटलं. "मग आपल्या पोरीला तिच्याकडे घेऊन जाशील का रविवारी? मीपण येतो."

ती मुलगी रविवारी सकाळी असते, गर्दी कमी असते, मी विचारून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बारावीचं पोर असेल आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्मवरून वाद चालले असतील तर मला मेसेज करा. अंबडला औषधाच्या प्लांटमध्ये क्वालिटीला असलेली एक मैत्रीण आहे, एक फिजिओ आहे ओळखीची, बायोटेक करून डेटाचं काम करणारा चुलत भाऊ आहे, तिघंही पोरांशी बोलायला तयार आहेत. फोन संध्याकाळी सातनंतर, दिवसा ऑफिसात असते. आणि बोलायला पोराला एकट्याला द्या, तुम्ही बाहेर थांबा.